पासिंग कुठलं? मोटारविम्यातल्या गावाची गोष्ट

मोटारीच्या विम्याचा हप्ता ठरवताना गाडीची किंमत, इंजिनाची क्षमता आणि गाडीचं वय या तीन गोष्टी पाहिल्या जातात, हे बहुतेक मालकांना ठाऊक असतं. चौथी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ती म्हणजे गाडीची नोंदणी कोणत्या आरटीओत झाली. व्यवहारात याला गाडीचं ‘पासिंग’ म्हणतात. एमएच १२ म्हणजे पुण्याचं पासिंग, एमएच ०९ कोल्हापूरचं, एमएच ०८ रत्नागिरीचं. नंबरप्लेटवरच्या या दोन आकड्यांवरून विमा कंपनी गाडीचं गाव ओळखते आणि हप्त्याचा एक भाग त्यावरून ठरतो. भारतातल्या मोटारविम्यात गावाला हे स्थान कसं मिळालं, ते कितपत खरं आहे आणि गावाच्या हवापाण्यानुसार विम्यात काय निवडायचं हे मालकांना कसं उमगत गेलं, याचा इतिहास साधारण शंभर वर्षांचा आहे.

सक्ती आधी, दर नंतर

मोटारींसाठी पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्यात नोंदणी आणि परवाना यांची तरतूद होती, विम्याची सक्ती नव्हती. गाडीखाली सापडलेल्या माणसाला भरपाई मागायची तर दिवाणी दावा लावावा लागे, आणि दावा जिंकला तरी गाडीवाल्याकडे द्यायला पैसे असतीलच असं नव्हतं. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न उभा राहिल्यावर १९३०च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी विमा सक्तीचा केला. भारतात १९३६-३७ मध्ये नेमलेल्या मोटार विमा समितीने हा विषय तपासला आणि त्यानंतरच्या १९३९च्या मोटार वाहन कायद्यात आठवं प्रकरण विम्याचं आलं. ते प्रत्यक्षात लागू झालं मात्र १ जुलै १९४६ रोजी, म्हणजे महायुद्ध संपल्यावर.

या सक्तीचा रोख मालकाच्या नुकसानीकडे नव्हता, रस्त्यावरच्या परक्या माणसाकडे होता. लोक त्यालाच ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. विमा कंपनी पहिली बाजू, गाडीमालक दुसरी आणि ज्याला धक्का बसला तो तिसरी. मालवाहू गाड्यांच्या बाबतीत कंपनीच्या कायदेशीर जबाबदारीला सुरुवातीला २०,००० रुपयांची मर्यादा होती. १९६९च्या दुरुस्तीने ती ५०,००० आणि १९८२च्या दुरुस्तीने दीड लाख झाली. १९८८चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, तेव्हा मृत्यू आणि इजेच्या बाबतीतली ही मर्यादाच गेली.

मुद्द्याची गोष्ट अशी की थर्ड पार्टीच्या दरात गावाला जागा नाही. खाजगी मोटारीसाठी हा दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये असा आकडा होता. दादरच्या गाडीला जो दर, तोच गडचिरोलीच्या गाडीला. यामागे न्यायाची एक धारणा आहे. गाडीने कुणाला उडवलं तर त्या माणसाच्या जिवाचं मोल गावागणिक बदलता कामा नये, आणि त्याच्या घरच्यांना भरपाई मिळण्याची हमी देशभर सारखी असावी. १९९४च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताच्या कुटुंबाला आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुभा दिली. मुंबईत अपघातात गेलेल्या कामगाराच्या बायकोला दाव्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागू नयेत, साताऱ्यात किंवा बीडमध्येच दाद मागता यावी, ही सोय त्यामुळे झाली.

दोन झोन, तीन झोन

गावाचा हिशेब लागतो तो विम्याच्या दुसऱ्या भागात. हा भाग म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला कंपन्या ‘ओन डॅमेज’ म्हणतात आणि लोक दोन्ही भाग मिळून ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत एकवटल्या. त्यांतली न्यू इंडिया अॅश्युरन्स, दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये स्थापलेली, मुंबईची. नॅशनल कोलकात्याची, ओरिएंटल दिल्लीची आणि युनायटेड इंडिया चेन्नईची. कंपन्या चार असल्या तरी मोटारीचा दर एकच असे, कारण तो टॅरिफ अॅडव्हायजरी कमिटी ठरवत असे. १९६८च्या दुरुस्तीने या समितीला वैधानिक दर्जा मिळाला होता. कुठल्याही कंपनीत गेलं तरी पुस्तकात छापलेलाच दर लागे. एजंट बदलून हप्ता कमी होत नसे.

या पद्धतीचं शेवटचं सविस्तर रूप म्हणजे १ जुलै २००२ पासून लागू झालेलं इंडिया मोटर टॅरिफ. त्यात देशाचे झोन पाडलेले होते. खाजगी मोटारी आणि दुचाकींसाठी दोन झोन होते. अ झोनमध्ये अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरं, ब झोनमध्ये उरलेला सगळा देश. एकाच राज्यातली दोन शहरं या यादीत आली ती फक्त महाराष्ट्राची. नागपूर, नाशिक, कोल्हापूर आणि अख्खा गोवा ब झोनमध्ये राहिला. ट्रक आणि बस यांच्यासाठी मात्र तीन झोन होते. अ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई; ब मध्ये बाकीच्या राज्यांच्या राजधान्या; क मध्ये उरलेला भारत. त्यामुळे खाजगी मोटारीच्या यादीत मुंबईच्या बरोबरीला बसणारं पुणे ट्रकच्या यादीत क झोनमध्ये जाई, आणि मोटारीच्या यादीत वेगळं स्थान नसलेली पणजी राजधानी म्हणून ट्रकच्या यादीत ब झोनमध्ये येई.

झोनमागचा विचार सरळ होता. मोठ्या शहरात गाड्या दाट, म्हणून घासाघीस आणि ठोकर जास्त. चोरीचं भय जास्त. गॅरेजची मजुरी आणि डेंटिंग-पेंटिंगचा खर्चही जास्त. पण दरातला फरक पाहिला की आश्चर्य वाटतं. १,००० सीसीपर्यंतची, पाच वर्षांच्या आतली मोटार असेल तर अ झोनचा दर गाडीच्या घोषित किमतीच्या ३.१२७ टक्के आणि ब झोनचा ३.०३९ टक्के होता. विमा करारात ठरलेल्या या किमतीला आयडीव्ही म्हणतात. गाडीची आयडीव्ही ४ लाख रुपये धरली तर मुंबई-पुण्याच्या पासिंगला १२,५०८ रुपये आणि सांगलीच्या पासिंगला १२,१५६ रुपये. फरक ३५२ रुपयांचा, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. पाच वर्षांच्या आतल्या मालट्रकचे तीन झोनचे दर होते १.७५१, १.७४३ आणि १.७२६ टक्के. १० लाखांच्या ट्रकला मुंबई आणि क झोनमधलं गाव यांत २५० रुपयांचं अंतर पडे. टॅरिफला गाव दिसत होतं, पण पुसट.

या झोनची कसोटी नोंदणी कार्यालयाची होती. गाडी रोज कुठे फिरते आणि रात्री कुठे उभी राहते, याला दरात स्थान नव्हतं. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्याच गाड्या घेतल्या तर ही गोष्ट स्पष्ट होते. एक एमएच १२, दुसरी एमएच ११, म्हणजे साताऱ्याची. नोकरीसाठी पुण्यात आलेल्या माणसाने गावाकडे घेतलेली. दोन्ही रोज त्याच कर्वे रस्त्याने जातात, त्याच चौकात अडकतात, त्याच झाडाखाली उभ्या राहतात. तरी एकीला अ झोनचा दर आणि दुसरीला ब झोनचा. उलट, मुंबईत नोंदलेली आणि निवृत्तीनंतर कुडाळच्या अंगणात उभी असलेली गाडी मुंबईचा हप्ता भरत राहते. राज्यातल्या राज्यात घर बदललं की गाडीचा नंबर बदलत नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तरच नवा नंबर घ्यावा लागतो. माणसांचं स्थलांतर जितकं वाढत गेलं, तितकं पासिंग आणि प्रत्यक्ष ठिकाण यांतलं अंतरही वाढत गेलं.

२६ जुलै

गावाची खरी जोखीम म्हणजे काय, हे मुंबईच्या मोटारमालकांना एका दिवसात कळलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी पात्राबाहेर आली, कुर्ला, कलिना, सायन आणि उपनगरांतले सखल भाग पाण्याखाली गेले. लोकांनी गाड्या रस्त्यात सोडल्या आणि रात्रभर चालत घर गाठलं. तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या.

फुल इन्शुरन्सच्या प्रमाणित मजकुरात पूर होताच. आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणे ही सगळी संकटं त्या एकाच करारात एकत्र बांधलेली होती आणि देशभर सारखीच होती. ज्यांच्याकडे केवळ थर्ड पार्टी होती त्यांना स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळण्यासारखं नव्हतं. ज्यांच्याकडे फुल इन्शुरन्स होता त्यांच्यापैकी अनेकांसमोर वेगळाच पेच उभा राहिला.

पाणी ओसरल्यावर गाडी चालू होते का, हे पाहायला माणूस सवयीने चावी फिरवतो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर जाताना हवा दाबली जाते. तिथे हवेऐवजी पाणी असलं तर ते दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. कधी तो इंजिनाचा ब्लॉकही फोडतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात, आणि गॅरेजच्या भाषेत ‘इंजिनात पाणी गेलं’. विमा कंपनीच्या वतीने नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचं म्हणणं असे की सीट, वायरिंग, गालिचे यांचं नुकसान पुराने झालं, ते देता येईल. पण इंजिन मोडलं ते नंतर स्टार्टर मारल्याने. म्हणजे ते परिणामी नुकसान, आणि परिणामी नुकसान करारातच वगळलेलं आहे. इंजिनाचं काम हे दुरुस्तीतलं सर्वांत महाग काम, आणि नेमकं तेच मालकाच्या अंगावर पडे. असे वाद ग्राहक न्यायालयांपर्यंत गेले.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते आणि आयडीव्हीच्या हिशेबाने भरपाई मिळते. आयडीव्ही मात्र दर वर्षी घटते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून ज्यांनी आयडीव्ही खाली धरून घेतली होती, त्यांना त्या बचतीची किंमत पुरात मोजावी लागते.

दर मोकळे झाले

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. याची पार्श्वभूमी विमाक्षेत्रातल्या सुधारणा सुचवणाऱ्या मल्होत्रा समितीच्या १९९४च्या अहवालापासून सुरू होते. १९९९च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आलं, खाजगी कंपन्या आल्या आणि छापील दराचं पुस्तक बाजूला पडलं. थर्ड पार्टीचा दर मात्र सरकारी नियंत्रणातच राहिला. कंपन्यांनी जुने झोन टाकून दिले नाहीत. टॅरिफचा दर पाया धरून त्यावर सूट द्यायची किंवा भार चढवायचा, अशी रीत पडली. सूट किती हे ठरवताना आरटीओचा कोड, गाडीचं मॉडेल, वय आणि मागच्या क्लेमचा अनुभव पाहिला जाऊ लागला. त्यामुळे आठ शहरं विरुद्ध उरलेला देश ही ठोकळ विभागणी मागे पडली. एकाच राज्यातल्या दोन आरटीओंना एकच कंपनी वेगळी सूट देऊ लागली, आणि एकाच पासिंगच्या गाडीला दोन कंपन्यांचे भाव वेगळे येऊ लागले.

दुसरा बदल अधिक मोलाचा होता. मूळ कराराला जोड म्हणून ज्यादा हप्ता भरून घ्यायची संरक्षणं, म्हणजे अॅड-ऑन, बाजारात आली. मूळ करारात रबर, प्लास्टिक, नायलॉनचे भाग, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीचा निम्माच भाग मिळतो. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा कापला जातो. ही कपात टाळणारं अॅड-ऑन ‘झीरो डेप’ नावाने लोकप्रिय झालं. इंजिनात पाणी जाण्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ आलं. गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर खरेदीच्या बिलाइतकी रक्कम देणारं ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ आलं. इथून पुढे गावाचा प्रश्न कंपनीपुरता उरला नाही. आपल्या गावाला काय लागतं, याचा निर्णय मालकाच्या हाती आला.

गावागावाची गरज

महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवला तर ही गरज किती वेगवेगळी आहे ते दिसतं. मुंबईत सखल भागात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी असेल तर इंजिन प्रोटेक्टला पर्याय नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी कोल्हापूर-सांगलीत कित्येक दिवस साचून राहिलं. पाणी चढताना दिसत असल्याने गाडी उंचावर हलवायला अनेकदा अवधी असतो. पण जी हलली नाही ती दिवसच्या दिवस पाण्यात राहते आणि तिचं वायरिंग वाचत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी एका रात्रीत शहरात शिरलं, तिथे हलवायला वेळच मिळाला नाही. पुराच्या या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही ठिकाणी केवळ थर्ड पार्टीवर राहणं धोक्याचं आहे.

घाटातून रोज जाणाऱ्या गाडीला दरडीची जोखीम असते. मूळ फुल इन्शुरन्समध्ये दरड आणि दगड कोसळणं येतं, त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारी-मार्च २०१४ सारखी गारपीट होते. काच फुटते, बॉनेटला आणि टपाला पोचे पडतात. गारपीटही मूळ करारात आहे आणि काचेवर घसारा कापला जात नाही, पण एका क्लेमने नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून लहानसहान पोचे स्वखर्चाने काढून घ्यायचे आणि मोठ्या नुकसानीलाच क्लेम करायचा, असा हिशेब जाणते मालक करतात.

कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात मोठा शत्रू म्हणजे खारी हवा. दाराच्या खालच्या कडा, सायलेन्सर आणि चासी यांचा पत्रा ती हळूहळू खाते. याला मात्र विम्यात उपाय नाही, कारण गंज ही झीज आहे आणि झीज करारात वगळलेली आहे. मालवण किंवा म्हापशाच्या मालकाने अॅड-ऑनवर पैसे घालण्यापेक्षा पावसाळ्याआधी आणि नंतर गाडीच्या तळाला गंजरोधक लेप लावणं अधिक उपयोगाचं. पुण्या-मुंबईत रस्त्यावरच गाडी लावावी लागते त्यांना चोरी आणि घासाघीस यांची धास्ती. पुण्यातल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर टॅरिफनुसार हप्त्यात अडीच टक्के, पण कमाल ५०० रुपये सूट मिळे. जिथे गाड्या विरळ आणि गाडी बंद गोठ्यात किंवा अंगणात राहते तिथे मालक स्वतःवर काही भार घेऊ शकतो. प्रत्येक नुकसानीतले पहिले २,५०० रुपये आपण सोसायचं मान्य केलं तर टॅरिफप्रमाणे हप्त्यात २० टक्के, कमाल ७५० रुपये सूट होती.

सगळ्या गावांना सारखी लागू असलेली एक अडचणही होती. नवी गाडी घेताना पहिल्या वर्षी विमा निघे आणि पुढे तो चालू ठेवायचा राहून जाई. दुचाकींच्या बाबतीत हे फार होई. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१८च्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांची आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदमच काढावी लागते. २०१९च्या दुरुस्तीने विमा नसलेल्या गाडीचा दंड पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये झाला.

नंबराच्या पुढे

सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेचे नंबर मिळू लागले. वारंवार बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीच्या या नंबरात राज्याची अक्षरं आणि आरटीओचा आकडा नसतो. बीएच नंबरची गाडी पाहून तिचं गाव कुणालाही ओळखता येत नाही. जुलै २०२२ मध्ये नियामक प्राधिकरणाने गाडी किती चालते आणि कशी चालवली जाते यावर स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ठरवणारी अॅड-ऑन आणायला कंपन्यांना परवानगी दिली. कुडाळच्या अंगणात महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या मुंबई पासिंगच्या गाडीला यातून पहिल्यांदाच आपल्या खऱ्या वापराइतका हप्ता मिळण्याची वाट मोकळी झाली.

१९४६ मध्ये सक्ती आली तेव्हा गावाचा विचार नव्हता, २००२च्या टॅरिफने ते आरटीओपुरतं पाहिलं आणि २००७ नंतर कंपन्यांनी ते कोडनिशी पाहिलं. तरीही गाडी रात्री नेमकी कुठे उभी असते, तिथे पाणी कुठवर चढतं आणि मागच्या पावसात कुठवर चढलं होतं, हे मालकालाच माहीत असतं. नूतनीकरणाच्या कागदावर सही करताना पासिंगपेक्षा ही माहिती अधिक कामाची ठरते.